पहिली अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल : लडाखसाठी की पलसाण्यासाठी?

आपल्या मंडळाच्या सभेत कामकाज आटोपून चहा फिरू लागला, की तरुण सभासदांचे बोलणे हल्ली हटकून अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलीवर येते. कोणती घ्यावी, हा प्रश्न मलाही विचारला जातो. मी सुरत शहरातून पलसाण्याच्या रुग्णालयात अनेक वर्षे दुचाकीने ये-जा करतो आणि अस्थिरोगतज्ज्ञ असल्याने या वाहनाची दुसरी बाजूही जवळून पाहतो, हे त्याचे कारण असावे. आमच्या आधीच्या पिढीतील डॉक्टर राजदूतवरून किंवा येझ्दीवरून चिखल तुडवीत व्हिजिटला जात, पण त्याला साहस म्हणण्याचे कोणाला सुचले नव्हते. आता त्या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे आणि निवडीचा गोंधळही आहे. माझे मत असे, की पहिली अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकल रोजच्या रस्त्याला आणि स्वतःच्या पायांना विचारून घ्यावी. लडाखच्या छायाचित्रांचा सल्ला नंतर घेता येतो.

या वाहनाचे कूळ १९८० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या गाडीकडे जाते. जी/एस ही जर्मन आद्याक्षरे ‘रान’ आणि ‘रस्ता’ या दोन शब्दांची. १९८१ साली बीएमडब्ल्यूने पॅरिस–डकार शर्यत जिंकली आणि या घाटाच्या गाडीला जगभर मान मिळाला. आपल्याकडे २०११ साली हिरोची इम्पल्स आली. ती फारशी रुजली नाही. २०१६ सालच्या रॉयल एनफील्ड हिमालयनने मात्र हा प्रकार मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणला. उंच हँडल, ताठ बैठक, मोठे पुढचे चाक आणि खोलवर दबणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बर ही तिची लक्षणे. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर कंबरेच्या मणक्यांना ही रचना मानवते, म्हणून मी या हौसेला केवळ चैन म्हणणार नाही.

प्रश्न आहे तो ही हौस वर्षातील बहुतेक दिवस कोठे वापरली जाते याचा. पलसाण्याला मुंबई–अहमदाबाद आणि हजिरा–धुळे हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो, कंटेनर, गळीत हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर, पाळी सुटल्यावर प्रोसेस हाउसमधून बाहेर पडणारी कामगारांची रीघ आणि पावसाळ्यात सर्व्हिस रोडवर साचलेले पाणी! या गर्दीत गाडी फारशी पळत नाही. ती दर पन्नास पावलांवर थांबते आणि चालक पाय टेकतो. ज्या दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गावर वेगाची हौस भागावी, तेथे दुचाकीला बंदी आहे. तेव्हा ताशी दीडशे किलोमीटर धावणारे इंजिन घेऊन आपण नेमके काय करणार?

म्हणून पहिली चौकशी आसनाच्या उंचीची करावी. हिमालयन ४५०चे आसन ८२५ मिलिमीटर, सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सचे ८३५, आणि २०२० साली आलेल्या पहिल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचे तब्बल ८५५ मिलिमीटर उंच. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाची जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी साधारण पंचाहत्तर सेंटिमीटर असते. बसल्यावर स्प्रिंग दबून थोडी सवलत मिळते, परंतु आसन रुंद असल्यास मांड्या फाकून तीही निघून जाते. उरतो तो चवड्यांचा आधार. कोरड्या, सपाट जागी तेवढा पुरतो. चौफुलीवर तेलकट चिखलात, कडेच्या उतारावर, मागे कोणी बसलेले असताना तो पुरत नाही.

दुसरी चौकशी वजनाची. हिमालयन ४५० पेट्रोलसह १९६ किलो भरते, व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलो. हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली आली तेव्हा १५४ किलोची होती. हे आकडे जाहिरातीत बारीक अक्षरात असतात; कललेल्या गाडीखाली पाय सापडला म्हणजे त्यांचा अर्थ कळतो. सुसाट वेगातील अपघातांचीच वर्तमानपत्रे दखल घेतात, पण घोटा आणि नडगी मोडण्यास थांबत आलेली गाडीही पुरेशी असते. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर ओपीडीत खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने पावणेदोनशे-दोनशे किलोची आडवी गाडी उचलताना स्वतःच्या कंबरेची जी अवस्था करून घ्यावी, तिच्याविषयी आपणांस वेगळे सांगायला नको. जड गाडी मालट्रकच्या वाऱ्यात अधिक स्थिर राहते, हे मान्य. पण तो लाभ महामार्गावरचा. पहिल्या गाडीवर शिकायचे असते ते तोल सांभाळायला.

एका तरुण स्नेह्यांचा आक्षेप असा, की लहान गाडीचा वर्षभरात कंटाळा येतो आणि मग दुसऱ्यांदा खर्च होतो. आक्षेप खरा आहे. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीवर १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्या फरकात चांगले हेल्मेट, जाकीट, बूट आणि गुडघ्यांची ढाल सहज बसते. शिवाय वर्षभर वापरून लहान गाडी विकणाऱ्याला आपल्याला खरोखर काय हवे, हे तरी कळलेले असते.

टायरबाबतही एक व्यावहारिक गोष्ट. तारांची चाके खडकाळ वाटेवर उत्तम, पण त्यांत बहुधा ट्यूब असते. सकाळी ओपीडीला जाताना खिळा रुतला, तर ट्यूबलेस टायर दहा मिनिटांत सांधता येतो. ट्यूबसाठी चाक उतरवावे लागते आणि बाहेर रुग्ण खोळंबतात.

आता प्रवासाचे पाहू. आपणांपैकी अनेकांची मुळे खानदेशात. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर आणि कोंडाईबारी घाट ओलांडून धुळे सुरतेपासून सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास पडते. दुसरी वाट चिखली, वांसदा, वघईवरून डांगच्या सागवानातून सापुताऱ्यास चढते आणि पुढे सप्तशृंगी गडाकडे उतरते. या दोन्ही वाटा दोनशे-अडीचशे सीसीची गाडी दोन माणसांना आणि सामानाला घेऊन नीट पार पाडते. घाटातील वळणावर तर ती जड गाडीपेक्षा अधिक आनंद देते, असे माझे प्रामाणिक मत आहे. लडाखला जायचे झाल्यास तेथे भाड्यानेही गाडी मिळते.

एबीएस मात्र दोन्ही चाकांना असावे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना ते बंधनकारक असले, तरी एकाच चाकाच्या व्यवस्थेनेही कायदा संतुष्ट होतो. हेल्मेटविषयी डॉक्टरांना सांगावे लागते, हेच नवल! कॉक्रेनच्या २००८च्या आढाव्यात हेल्मेटमुळे अपघातग्रस्त चालकाच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो असे आढळले. डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारने शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केले तेव्हा आपल्यापैकीही काहींनी सुटकेचा श्वास टाकला होता. ती सवलत टिकली नाही, हे बरे झाले. आपला कंपाउंडर शंभर सीसीच्या गाडीवर आपलेच पाहून वागतो.

आणि एक खास आपल्या गावची बाब. उत्तरायणात मांज्याने गळा चिरलेले दुचाकीस्वार आपण सर्वांनीच पाहिले आहेत. अ‍ॅडव्हेंचर गाडीवरची बैठक ताठ आणि उंच असते, काच बहुधा आखूड. तेव्हा हँडलवर वाकवलेल्या तारेचे कडे डिसेंबरच्या अखेरीसच बसवावे, गळ्याभोवती जाड पट्टा घ्यावा आणि त्या दोन दिवसांत उड्डाणपुलांवर जाऊच नये.

खरेदीपूर्वीची चाचणी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. विक्रेत्यास विनंती करून संध्याकाळी सहाची वेळ मागा, घरच्यांपैकी कोणास मागे बसवा आणि गर्दीच्या चौफुलीत पाच वेळा थांबून पाहा. नंतर गाडी बंद करून उतारावर हाताने मागे ढकला. दम लागला, तर शेजारी उभी असलेली लहान गाडी पाहायला मागा.