लोकरीची वेणी



"मॅडम, रत्नागिरीत स्वेटर कोण घालतो?" कार्यानुभवाच्या तासाला लोकर बाहेर काढली की कुठली तरी मुलगी हे विचारतेच. खरं आहे. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे जरा गारवा येतो, तोही चहा होईपर्यंत. पण आपली माणसं फक्त रत्नागिरीतच राहतात का? माझी भाची बर्मिंगहॅमला आहे. जूनमध्ये तिला मुलगा झाला आणि तिने अम्मीला फोन केला, "नानी, माझ्या लहानपणीची ती वेणीची टोपी होती ना, तशीच याला पण पाठव."

अम्मी "इन्शाअल्लाह" म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिची बोटं चार वर्षांपासून संधिवाताने आखडली आहेत. दहा टाके घातले की हात दुखतो. आणि आमच्या घरात ती वीण तिच्याशिवाय कुणालाच येत नाही. साधं सुलट-उलट मी कॉलेजात असताना शिकले होते. वेणी "मग शिकू" म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. दिवसभर दुसऱ्यांना शिकवणारी मी मगरिबनंतर अम्मीसमोर सुया घेऊन बसू लागले. ती सांगायची, मी विणायची.

तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "यात नवा टाका कुठलाच नाही गो. सुलट नि उलट, बस्स. टाक्यांनी फक्त जागा बदलायची." हे कळलं की निम्मी भीती जाते.

सामान थोडंच लागतं. मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्या. गडद रंगात वेणी दिसत नाही आणि शिकताना टाकेही दिसत नाहीत. बाळासाठी मऊ अ‍ॅक्रिलिक बरी, टोचत नाही आणि धुवायला सोपी. सुया ८ नंबरच्या घ्या. आपल्याकडच्या नंबरांत आकडा मोठा तशी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. शिवाय दोन टाके बाजूला धरून ठेवायला तिसरी लहान सुई लागते. ती नसेल तर अंबाड्याचा आकडा चालतो. मी पेन्सिलीचा तुकडा वापरला.

आता नमुना. सुईवर २० टाके घाला. दोन्ही कडांचे दोन-दोन टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणा, म्हणजे कड वळत नाही. मधले १६ टाके असे:

पहिली ओळ (पुढची बाजू): ६ उलट, ४ सुलट, ६ उलट.
दुसरी ओळ (मागची बाजू): ६ सुलट, ४ उलट, ६ सुलट.
तिसरी ओळ पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी.
पाचवी ओळ: ६ उलट, पुढचे २ टाके न विणता तिसऱ्या सुईवर घेऊन कामाच्या पुढे धरा, डाव्या सुईवरचे पुढचे २ सुलट विणा, मग तिसऱ्या सुईवरचे २ सुलट विणा, शेवटी ६ उलट.
सहावी ओळ दुसरीसारखी.

या सहा ओळी पुन्हा पुन्हा विणत गेलात की दोरासारखा पीळ उठून दिसेल. तिसरी सुई पुढे धरली की पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली की उजवीकडे. आजूबाजूचे उलट टाके विसरू नका. ते खाली बसतात म्हणून वेणी वर येते.

हा झाला दोन पदरांचा पीळ. खरी तीन पदरांची वेणी हवी असेल तर मध्ये ४ ऐवजी ६ सुलट टाके ठेवा. एका पुढच्या ओळीत पहिल्या चार टाक्यांचा पीळ घाला, तिसरी सुई मागे धरून, आणि उरलेले २ सुलट विणा. पुढच्या बाजूच्या त्यानंतरच्या ओळीत पहिले २ सुलट विणून उरलेल्या चारांचा पीळ घाला, या वेळी सुई पुढे धरून. मागच्या ओळीत हे सहाही टाके उलट. मुलीची वेणी घालताना एकदा उजवा पदर मध्ये येतो, एकदा डावा, अगदी तेच.

आता माझ्या चुका ऐका, म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिली टोपी मी साध्या टोपीच्या हिशेबानेच ८४ टाक्यांवर विणली, त्यात सहा पीळ घातले. आठ दिवसांनी झाली तेव्हा ती बाळाच्या काय, घरातल्या सोललेल्या नारळाच्या डोक्यावरही ताणून बसली. पीळ कापड आत ओढतो, हे मला माहीतच नव्हतं. अम्मी हसली, म्हणाली, "सांगायचं राहिलं. माझे हात आपोआप टाके वाढवायचे, मी कधी मोजलेच नाहीत." दुसऱ्या वेळी एका पिळामागे दोन टाके, असे १२ वाढवले. म्हणून आधी हातभर नाही तरी वीतभर नमुना विणा, पट्टीने मोजा आणि मगच टाके ठरवा. लोकरही साध्या विणीपेक्षा जास्त लागते. एक गुंडी जादा आणा.

दुसरी टोपी निम्मी झाली तेव्हा अम्मीने ती हातात घेतली. मोतीबिंदूमुळे तिला बारीक दिसत नाही. तिने नुसता अंगठा फिरवला आणि एका जागी थांबली. "ही उलटी वळली." पाहिलं तर खरंच, बारा ओळी खाली एक पीळ उजवीकडे झुकला होता. मी सगळं उसवायला निघाले, तिने हात धरला. फक्त त्या पिळाचे चार टाके सुईवरून सोडून बारा ओळी खाली उतरवायचे, पीळ नीट फिरवायचा आणि क्रोशाच्या सुईने एकेक ओळ वर चढवत आणायची. बाकीचे टाके सुईवर तसेच राहतात. अर्धा तास लागला. उसवलं असतं तर चार दिवस गेले असते.

या विणीचं नाव आज आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरान बेटांशी जोडलेलं आहे. आपल्या मिरकरवाड्यासारखीच मासेमारीवर जगलेली माणसं. तिथे प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी असायची आणि बुडालेला खलाशी त्यावरून ओळखला जायचा, असं सांगतात. त्याला पुरावा नाही. १९०४ च्या 'रायडर्स टू द सी' या जे. एम. सिंग यांच्या नाटकात मात्र एक बहीण भावाला त्याच्या मोज्यावरून ओळखते, कारण विणताना तिच्याच हातून त्यात चार टाके सुटलेले असतात. बहुधा तिथूनच ही गोष्ट पसरली.

विणकाम आपल्यालाही परकं नाही. इजिप्तमध्ये मध्ययुगातले निळे-पांढरे सुती विणलेले मोजे सापडले आहेत. स्पेनच्या बर्गोस शहरातल्या मठात फर्नांडो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या कबरीत, म्हणजे १२७५ च्या सुमाराची, विणलेली उशी मिळाली. ती मुस्लिम कारागिरांच्या हातची मानतात. तिच्या कडेला कुफी अक्षरांत एकच शब्द पुन्हा पुन्हा विणलेला आहे: बरकत.

टोपी ऑगस्टमध्ये पोहोचली. भाचीने फोटो पाठवला, अम्मीने तो मोठा करून पाहिला आणि पहिल्यांदा विचारलं ते हेच, "कानांवर येते ना?" येते, अलहम्दुलिल्लाह.

तुमच्या घरातही अशी एखादी वीण, एखादं लोणचं, एखादी गोधडी एकाच व्यक्तीच्या हातात असेल. सुट्टीची वाट पाहू नका. आज संध्याकाळी शेजारी बसा, आणि त्या जे मोजत नाहीत ते तुम्ही मोजून वहीत लिहा. माझ्या वहीत आता १२ जादा टाके लिहिलेले आहेत.

पुढच्या अंकात: टोपीचा माथा कसा आवळायचा आणि टाके बंद कसे करायचे.