गाडी दिली, नाव मात्र राहिले

देवगाव रंगारी (ता. कन्नड) - जुनी मोटार देऊन नवी घ्यायची, तर गावकऱ्याला छत्रपती संभाजीनगरचे शोरूम गाठावे लागते. तेथे जुन्या गाडीची किंमत ठरते आणि नव्या गाडीच्या रकमेतून वजा होते. आरसी बुक, किल्ल्या आणि कोऱ्या 'टीटी फॉर्म'वरील सह्या देऊन मालक नव्या गाडीने परततो. 'एमएच २०' क्रमांकाची जुनी गाडी मात्र कायद्याच्या दृष्टीने अद्याप त्याचीच असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ज्याच्या नावे नोंदणी, तो मालक. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर केलेला करार घरच्या कपाटात कितीही जपून ठेवला, तरी आरटीओच्या दप्तरातील नाव त्याने बदलत नाही. याचा प्रत्यय सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात येतो. २००९ मधील एका प्राणांतिक अपघातातील मोटार त्यापूर्वीच अनेक हातांतून गेली होती. उच्च न्यायालयाने शेवटच्या ताबेदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य करून नोंदणीकृत मालकावरच भरपाईची जबाबदारी टाकली. पीडितांनी एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे हिंडत बसावे, ही अपेक्षाच चुकीची, असा त्यामागील विचार होता. विमा चालू असेल तर हा भार सहसा विमा कंपनी उचलते. विमा संपलेली जुनी गाडी तिसऱ्याच्याच हाती असेल, तर मात्र शेतकऱ्याच्या जमिनीपर्यंत प्रकरण येऊ शकते.

कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ व ३० आहेत. अडचण अशी, की एक्स्चेंजमध्ये गाडी घेणाऱ्याला ती स्वतःकडे ठेवायचीच नसते. पुढचा गिऱ्हाईक मिळेपर्यंत नाव बदलण्याची त्याला निकड नसते; कोऱ्या फॉर्मची सोय त्याचीच. यावर उपाय म्हणून केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले व ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या मालकाने आणि अधिकृत विक्रेत्याने नमुना २९-सी ऑनलाइन भरला, की गाडीची जबाबदारी विक्रेत्यावर जाते. नियम चांगला आहे. पण तो अधिकृत विक्रेत्यापुरताच. कमिशनवर गाडी फिरविणाऱ्या मध्यस्थाला तो शिवत नाही. म्हणून किल्ली देण्यापूर्वी समोरच्याचे अधिकारपत्र पाहणे आणि २९-सी ची पोच मागणे आवश्यक ठरते. एकदा किल्ली हातची गेली, की मागणीला वजन उरत नाही.

कर्जाच्या गाडीत आणखी एक गाठ असते. शेवटचा हप्ता भरला म्हणजे आरसीवरील बोजा आपोआप उतरत नाही. बँकेच्या एनओसीसह नमुना ३५ द्यावा लागतो.

सर्वांत जास्त खोळंबा होतो तो गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असल्यास. मृत्यूची माहिती ३० दिवसांत देऊन तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरावयाचा, असा नियम आहे. घरात तेराव्यानंतर सातबाऱ्याची चर्चा होते, गाडीची क्वचितच. २०२१ पासून आरसीवर वारस नेमण्याची सोय झाली आहे. ती न वापरलेल्या कुटुंबांना आधी वारसांची कागदपत्रे जुळवून गाडी एकाच्या नावे करून घ्यावी लागते. तोवर शोरूममधील सौदा पुढे सरकत नाही.