खाडी, किल्ला आणि कट-ऑफ

पाऊस उघडला की क्लबांच्या गटांवर किनाऱ्याचे बेत शिजू लागतात. ज्यांच्या हाताशी आठवडा आहे ते रेवस ते रेडी म्हणतात, रजा कमी असलेले श्रीवर्धन ते गणपतीपुळ्यावर भागवतात. चर्चा सुरू होते सरासरी वेगापासून, मग मुक्काम, मग मच्छीची थाळी कुठे चांगली मिळते. जेट्यांचा विषय निघतो तो तक्रारीच्या सुरात. बाणकोटला अर्धा तास जाणार, दाभोळला तेवढाच, आणि जयगडला किती ते कोणीच सांगू शकत नाही! मग रूट आखणारा एक तर महामार्ग 66 वर सरकतो, नाही तर खाड्या टाळून तालुक्यांच्या गावांतून तुकडे जोडतो. अशा रूटवर समुद्र अधूनमधून दिसतो हे खरे, पण आमच्या मते त्यात किनारा राहून जातो.

किनाऱ्याला समांतर जाणारा रस्ता ही कोकणातली अगदी अलीकडची गोष्ट आहे. शेकडो वर्षे माल आणि माणसे समुद्राने येत, खाडीत शिरत आणि भरतीचे पाणी गलबताला जिथवर नेईल तिथवर आत जात. पुढे बैलांचे तांडे घाट चढत. सावित्रीतून बाणकोटहून महाड, वाशिष्ठीतून दाभोळहून चिपळूणजवळचा गोवळकोट, वाघोटनच्या खाडीतून विजयदुर्गाहून खारेपाटण. या भागाचे खरे हमरस्ते पूर्व-पश्चिम होते. आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे पेडल मारतो ते त्यांना एकेक करून आडवे छेदत. आणि किल्ले बांधले गेले ते या हमरस्त्यांच्या तोंडाशी, जकात आणि आरमार यांचा हिशेब मांडून. बाणकोटचा हिंमतगड, अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड, मुचकुंदीवरचा पूर्णगड, वाघोटनवरचा विजयदुर्ग. आपला डांबरी रस्ता जिथे पाण्यापाशी येऊन संपतो, तिथेच नेमका किल्ला भेटतो, हा योगायोग नव्हे.

हे सायकलवरून जितके कळते तितके गाडीच्या खिडकीतून कळत नाही, आणि जेटीवर थांबल्यावर जितके कळते तितके सायकलवरूनही कळत नाही. दाभोळचेच उदाहरण घ्या. धक्क्याजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद उभी आहे. एके काळी या बंदरातून किती पैसा वाहत असेल, याचा अंदाज तिच्याकडे पाहूनच येतो. पलीकडे धोपावे आणि खाडीच्या तोंडाशी गोपाळगड. किल्ल्याच्या बाजूलाच तो गाजलेला वीजप्रकल्प आहे. त्याला नाव मिळाले अलीकडच्या दाभोळचे, पण तो आहे पलीकडच्या गुहागर तालुक्यात. जंगल जेटीतून दहा-पंधरा मिनिटांत आपण पलीकडे पोचतो. तीच खाडी रस्त्याने वळसा घालून ओलांडायची तर दापोली, खेड, चिपळूण असे शंभर किलोमीटरहून अधिक फिरावे लागते. इथे पहारा ठेवणाऱ्याच्या हाती काय होते ते या एका आकड्यात आले.

रेवदंडा-कोर्लईची गंमत वेगळी. कुंडलिकेवर पूल असल्याने इथे थांबायला कोणी भाग पाडत नाही. अलिबागेकडून येणारा रस्ता रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटातूनच आत शिरतो. खड्डे चुकवणाऱ्या सायकलस्वाराची मान खालीच असते आणि आपण किल्ल्यात शिरलो हे त्याला कळतही नाही. साळावच्या पुलापलीकडे कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजांपासून उरलेली एक मिश्र बोली आजही घराघरांत बोलली जाते. हा सगळा टापू ताशी तीसच्या वेगाने मागे पडू शकतो, आणि बहुतेकांच्या राइडमध्ये तसाच पडतो.

वेगाचा मुद्दा आला म्हणून चढाचेही बोलून घेऊ. समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट, ही समजूत घेऊन येणारे दर हंगामात भेटतात. खाडीशी आपण समुद्रसपाटीला असतो, पुढच्या गावाला जायचे तर जांभ्याच्या सड्यावर चढायचे, सडा संपला की पुन्हा खाली. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच असतो, पण जुनी वाट रुंद करून केलेला रस्ता सरळ छातीवर येतो. दिवसाच्या शंभर किलोमीटरमध्ये दीड हजार मीटर चढ सहज जमा होतो. सिंहगडचा रस्ता दोनदा चढूनही थोडे उरावे इतका हा हिशेब आहे, आणि तोही दमट हवेत. मागे 11-28ची कॅसेट लावून हट्टाने जाणाऱ्यांना शुभेच्छा. बाकीच्यांनी 34 दात्यांची लावावी आणि टायर निदान 28 मिलिमीटरचा घ्यावा. जेटीच्या उतारावर शेवाळ असते, तिथे क्लीटचे बूट काढून चपला घालणे शहाणपणाचे. खारे पाणी उडालेली चेन त्याच रात्री गोड्या पाण्याने पुसून तेल द्यावे, सकाळवर ठेवू नये.

आता ब्रेव्हेकडे वळतो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40 ही मुदत आपल्यातल्या अनेकांच्या अंगात मुरली आहे. 2027च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसवर डोळा ठेवून तयारी करणाऱ्यांना तर 1200 किलोमीटर आणि 90 तास याखेरीज काही दिसत नाही, आणि ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. ब्रेव्हेचे घड्याळ जेटीवर थांबत नाही. शेवटची फेरी चुकली की राइड तिथेच संपली. अशा रूटवर संयोजक खाडी टाळतो ते योग्यच. आमची हरकत आहे ती ब्रेव्हेची सवय सुट्टीच्या राइडमध्ये शिरण्याला. कट-ऑफ नसलेल्या राइडलाही आपण मनातल्या मनात कट-ऑफ लावून घेतो आणि मग विजयदुर्ग ‘वेळ नाही’ म्हणून राहतो. राइड लीडरने किल्ल्यासाठी दोन तास वेळापत्रकातच धरले, तर कोणाला अपराधी वाटण्याचे कारण उरणार नाही. दिवसाचे अंतर 110 वरून 80 वर आणावे लागेल. आणावे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांतले चार या किनाऱ्याचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. पैकी सायकल थेट दरवाजाशी नेता येते ती एकट्या विजयदुर्गावर, बाकीचे तिन्ही पाण्यात. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग आणि 1756 मध्ये विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेले, पेशवे आणि इंग्रज यांच्या संगनमताने. हे दोन्ही किल्ले एकाच राइडमध्ये, त्याच क्रमाने पाहता येतात. विजयदुर्गाला गेलात तर किल्ल्याइतकाच वेळ खाडीच्या आतल्या अंगाला गिर्ये गावाजवळच्या आंग्रेकालीन गोदीला द्या. खडक फोडून केलेली ती जागा पाहिली की आरमार म्हणजे केवळ तोफा नव्हेत हे ध्यानात येते. सुवर्णदुर्गासाठी हर्णैला आणि सिंधुदुर्गासाठी मालवणला होडी करताना मात्र एक अडचण हमखास येते, सायकल ठेवायची कुठे? आठ-दहा हजारांची सायकल असेल तर टपरीवाल्याच्या भरवशावर राहते, लाखाची कार्बन फ्रेम राहत नाही. मग गटातला एक जण किनाऱ्यावर राखणीला बसतो. वारसा यादीच्या निमित्ताने धक्क्यांवर सोयी होतील तेव्हा कुलूप लावता येईल असे लोखंडी स्टँड त्यांत असावेत. ही मागणी खर्चाची नाही, फक्त अजून कोणी केलेली नाही.

त्याहून मोठी मागणी पुलांची आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी धरमतर, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर पूल बांधायचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतले आहे. पूल व्हायला हवेत. रात्री दवाखाना गाठू पाहणाऱ्या माणसाला आमच्या जेटीप्रेमाचा उपयोग नाही. पण 2009चा वांद्रे-वरळी सागरी सेतू असो की 2024चा अटल सेतू, दोन्हींवर सायकलला आणि मोटारसायकललाही बंदी आहे. कोकणातल्या पुलांवर तसेच होईल असे नाही, जुन्या पुलांवरून आपण जातोच. तरी हे गृहीत धरून स्वस्थ बसणे धोक्याचे आहे, कारण पूल सुरू झाल्यावर फेरीबोटी फार काळ चालणार नाहीत. पुलावर मनाई आणि खाली बोट बंद, असे एका खाडीवर जरी घडले तरी रूट तिथेच तुटेल.

शिवाय परवानगीइतकाच बारकाव्यांनाही अर्थ आहे. सांध्यांवरच्या आणि पाण्याच्या जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या की 25 मिलिमीटरचा टायर त्यांत बसतो. खाडीच्या तोंडावर आडवा वारा असतो. चालणाऱ्याला पुरणारा कठडा सायकलवरच्या माणसाला ठेंगणा पडतो. कडेला दीड मीटरची पट्टी मिळाली तर गावातून शाळेला सायकलने जाणाऱ्या मुलांनाही ती लागेल, आणि आपल्यापेक्षा त्यांचा हक्क आधीचा. या गोष्टी आराखड्यात स्वस्तात बसतात, नंतर बसवता येत नाहीत. या मागण्यांचे पत्र क्लबाने एकट्याने न पाठवता त्या-त्या ग्रामपंचायतीला बरोबर घेऊन पाठवावे.

पुढच्या अंकात रेवस ते रेडी मार्गावरच्या सर्व जेट्यांचा तक्ता देत आहोत. पहिली आणि शेवटची फेरी, सायकलचे भाडे, ओहोटीला बोट लागते की नाही, जवळचे पंक्चरचे दुकान, एवढी माहिती वाचकांनी तारखेसह कळवावी. जयगड-तवसाळच्या संध्याकाळच्या फेरीबद्दल आमच्याकडे तीन वेगवेगळ्या वेळा आल्या आहेत. तिथून जाणाऱ्यांनी जेटीवरच्या फलकाचा फोटोही जोडावा.