पोचपावती आणि पंचनामा
घरगुती विज्ञानप्रयोगांचे संकेतस्थळ चालविणाऱ्याने मुलांचे अभिप्राय मागवावेत हे रास्तच. परंतु ‘छान आहे’, ‘खूप आवडले’ असे जे शेरे दप्तरी जमा होतात, त्यांना मी पोचपावतीहून अधिक किंमत देत नाही. विज्ञान-खेळणी बनविणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरील, आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांनी सांधून केलेल्या आकृती जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीच्या एखाद्या मुलाने मोबाईलवर पाहिल्या, तर त्रिकोण ताठ का राहतो आणि चौकोन का कलंडतो या प्रश्नाआधी, ती नळी सायकलच्या दुकानात मिळेल काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहणार. आणि न मिळाल्यास तो निमूटपणे दुसरे काही पाहू लागेल, तक्रारअर्ज लिहीत बसणार नाही. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करून ते धाडीत; मूल नेमके कोठे अडले आहे, हे त्या चार ओळींतून जेवढे उमगत असेल, तेवढे पाच तारकांच्या कोष्टकातून कसे उमगावे? म्हणून कोणती वस्तू मिळाली नाही, तिच्याऐवजी काय वापरले आणि मग काय बिघडले, एवढाच पंचनामा मागावा, व तो बोलीभाषेत, अशुद्ध लेखनासह आला तरी जसाच्या तसा नोंदवावा (वडीलधाऱ्यांनी सुधारून दिलेली उत्तरे लगेच ओळखू येतात; ती खुशाल बाजूस सारावीत); आणि नळीला छिद्र पाडण्यास सुईऐवजी बाभळीचा काटा चालला, असे एखाद्याने कळविले, तर साहित्याच्या यादीत काट्याचे नाव सुईच्या आधी चढवावे.