प्रार्थना कशासाठी?

ईश्वर सर्वज्ञ आहे, तर आपल्या गरजा त्याला सांगण्याचे प्रयोजन काय? हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावंताला केव्हा ना केव्हा पडतोच. ख्रिस्ती धर्मग्रंथाने तो टाळलेला नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशू ख्रिस्त शिष्यांना सांगतात की, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज पित्याला ठाऊक असते. आणि लगेच ते त्यांना प्रार्थना शिकवतात! तेव्हा ईश्वराला वार्ता देणे हा प्रार्थनेचा हेतू नव्हे, हे उघड आहे.

ही 'प्रभूची प्रार्थना' अगदी लहान आहे. तिच्यात 'मी' आणि 'माझे' यांना जागा नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराधही आमचेच. दार लावून एकट्यानेच ती म्हटली, तरी शेजाऱ्याची भूक तिच्यात आपोआप येते. भाकर मागावयाची, तीही आजच्यापुरती. प्रार्थना सांगून झाल्यावर येशूंनी तिच्यातील एकाच मागणीचा पुन्हा उल्लेख केला, तो क्षमेचा. जो इतरांना क्षमा करीत नाही, त्याने स्वतःसाठी ती अपेक्षू नये. सख्ख्या भावाशी अबोला धरलेल्या माणसाला हे शब्द सहज उच्चारता येणे कठीणच!

पण मागितलेले मिळालेच नाही, तर? जैतुनांच्या डोंगराजवळील गेथशेमाने बागेतील ती रात्र याचे उत्तर देते. मरण समोर दिसत असता येशूंनी ते दुःख टळावे अशी उघड विनवणी केली. मात्र अखेरचा शब्द पित्याच्या इच्छेवर सोपवला. ते दुःख टळले नाही. सोबतीला नेलेले तिघे शिष्यही झोपी गेले. तरीही व्याकूळ होऊन गुडघे टेकणारे येशू उठले ते शांत चित्ताने, आणि पकडावयास येणाऱ्यांना स्वतः सामोरे गेले. प्रसंग बदलला नाही. तो सोसण्याचे बळ मात्र लाभले.

असे बळ रोजच्या कामातही लाभते. १७ व्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचे बंधू होते. पूर्वी ते सैनिक होते. मठात त्यांच्या वाट्याला आले स्वयंपाकघर, आणि त्या कामाची तर त्यांना उपजत नावड! तरी सुमारे १५ वर्षे त्यांनी ते केले. भांड्यांच्या खडखडाटातही ईश्वर आपल्याजवळ आहे, असे स्मरण ठेवणे हीच त्यांची प्रार्थना. चूल सुटली नाही. पण चुलीपुढचा कंटाळा सरला.

आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या मातेने आरोग्य मागू नये, असा याचा अर्थ नव्हे. तिने जरूर मागावे, आणि औषधही वेळेवर द्यावे. परंतु मागणे पुरे झाले अथवा न झाले, तरी ख्रिस्ती दृष्टीने प्रार्थनेची खरी कसोटी गुडघे टेकताना नव्हे, तर उठल्यानंतर लागते. उठणाऱ्याच्या मनातील भय थोडे ओसरले काय? दुरावलेल्या भावाच्या दाराकडे त्याचे पाऊल वळले काय? वळले असेल, तर प्रार्थना व्यर्थ गेली नाही.