पडीक जमिनीवरचे सगेसोयरे

दिल्लीतले द्वारका उपनगर संपते तिथून नैऋत्येला, हरियाणाच्या सीमेवर नजफगढची झील आहे. या भागात पक्षी पाहायला जाणाऱ्यांना दोन पक्षी चांगले परिचयाचे आहेत. एक कमळपक्षी, लांबलचक बोटांनी तरंगत्या पानांवरून चालणारा. दुसरा रंगीत पाणलावा, काठच्या ओल्या गवतात दबून बसणारा आणि पाय पडायची वेळ आली तरच उडणारा. पाणी आटले की दोघांचाही मुक्काम हलतो. नात्याने त्यांच्या अगदी जवळच्या कुळांपैकी एक मात्र पाण्यापासून फार दूर, दक्षिण अमेरिकेच्या उंचवट्यांवर आणि उघड्या माळांवर राहते. किडे, अळ्या, गोगलगायी यांच्या वाटेला ते जात नाही. कोवळा पाला, कळ्या आणि बिया यांवरच त्याची गुजराण होते.

हे कुळ म्हणजे सीडस्नाइप. यात जाती फक्त 4 आहेत. त्यांतला पांढऱ्या पोटाचा सीडस्नाइप चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फ्वेगोपर्यंत, झाडांची रेषा संपते त्याच्या वरच्या खडकाळ उतारांवर राहतो. वाऱ्याने झोडपलेली, जमिनीला उशीसारखी चिकटून वाढणारी झुडपे हेच त्याचे कुरण. हिवाळ्यात बर्फ वाढले की तो खाली उतरतो. दिसायला तित्तिरासारखा गुबगुबीत, पाय आखूड, चोच दाणे टिपणाऱ्या पक्ष्यासारखी छोटी आणि जाड. पण तो उडाला की गुपित फुटते. पंख लांब आणि टोकदार आहेत, आणि उड्डाण पाणलाव्यांच्या जातकुळीतले, वेगवान व नागमोडी. चिखलात चोच खुपसणाऱ्या पूर्वजांचे शरीर त्याने अर्धे बदलले आणि अर्धे तसेच ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

या सरमिसळीने भल्याभल्यांना कोड्यात टाकले होते. ‘बीगल’ जहाजाच्या प्रवासात 1833 च्या सुमारास अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका परिसरात चार्ल्स डार्विनने या कुळातला सर्वांत लहान पक्षी पाहिला. त्याने नोंद केली ती साधारण अशी, की हा प्राणी लावा आणि पाणलावा या दोन अगदी वेगळ्या पक्ष्यांच्या मधोमध बसतो. याच कुळातल्या मोठ्या जातींची राहणी त्याला उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या रानकोंबड्यांसारखी वाटली होती. पुढे हाडांच्या आणि अलीकडे जनुकांच्या अभ्यासाने निवाडा झाला. सीडस्नाइप हे किनारपक्ष्यांच्या गणातले आहेत. टिटव्या, तुतवार, कुरव आणि सुरय यांचा जो साडेतीनशेहून अधिक जातींचा मोठा परिवार आहे, त्यातलेच ते एक घर. त्यांचा सर्वांत जवळचा भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या गवताळ मैदानांत राहणारा प्लेन्स-वॉन्डरर हा पक्षी. 1981 पर्यंत त्याला दुर्लावांच्या शेजारी बसवले जात होते; त्या वर्षी ओल्सन आणि स्टेडमन या दोन अभ्यासकांनी हाडांची तुलना करून त्याला तिथून उचलले आणि किनारपक्ष्यांत नेले. गंमत अशी की पुढे दुर्लावही त्याच गणात येऊन पोहोचले, फक्त वेगळ्या दाराने. सीडस्नाइप आणि प्लेन्स-वॉन्डरर या दोघांच्या पाठोपाठ, नात्याच्या पुढच्याच पायरीवर येतात ते आपले कमळपक्षी आणि रंगीत पाणलावे.

पाला खाऊन जगणे पक्ष्याला सोपे नसते. किडा म्हणजे थोडक्यात भरपूर ऊर्जा. पाला म्हणजे बराचसा चोथा. तो पचवायला वेळ लागतो, जागा लागते आणि पोटातल्या जिवाणूंची मदत लागते. एवढे ओझे घेऊन उडणे परवडत नाही म्हणून केवळ पाल्यावर जगणारे पक्षी जगात थोडेच आहेत. किनारपक्ष्यांत तर ही वाट जवळजवळ एकट्या सीडस्नाइपने धरली. त्यासाठी त्याला अन्न साठवणारी गळ्यातली पिशवी, दळणारा भक्कम गिझार्ड आणि पाला आंबवणारी लांब अंधांत्रे मिळाली आहेत. पाण्याची गरज बरीचशी रसाळ पानांतून भागते. उडत्या धुळीपासून बचाव म्हणून नाकपुड्यांवर पातळ झडप असते. पिल्लेही लहानपणापासून पालाच टिपू लागतात. झाडझाडोरा नसलेल्या उघड्या जमिनीवर अंडी घालायची, तर लपवायची कशी? मादी घरट्यावरून उठताना पायाने माती ओढून अंडी झाकते.

एवढ्या दूरच्या पक्ष्याची कथा दिल्लीकर मराठी वाचकाला कशासाठी? कारण ती आपल्या एका सवयीवर नेमके बोट ठेवते. किनारपक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाणी येते, आणि पाणी आले की संरक्षणाचे कायदे, नकाशे, परिषदा सगळे मागोमाग येते. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही रामसर स्थळे झाली. दिल्लीच्या शेजारी 2021 मध्ये सुलतानपूर आणि भिंडावास झाली. हे चांगलेच झाले. पण याच परिवारातली कितीतरी घरे कोरड्या जमिनीवर आहेत. माळटिटवी, धाविक, करवानक आणि गवताच्या मुळाशी बिया व किडे वेचत फिरणारा दुर्लाव यांना तळे नको, मोकळा माळ हवा. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झाले तेही माळढोकासाठी. धाविकाला त्याच्या सावलीत जागा मिळाली, एवढेच. असे माळ देशभर किती आहेत याची रामसरसारखी यादी आपल्याकडे नाही.

यादी नाही, पण नोंद आहे, आणि ती जास्त बोलकी आहे. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात. 2019 च्या आवृत्तीनुसार देशाचे सुमारे 17 टक्के क्षेत्र पडीक आहे. त्यातल्या 23 वर्गांत झुडपी जमीन आहे, उघडा खडकाळ भाग आहे, हंगामी आणि कायमची पाणथळ दलदल आहे, बर्फाच्छादित प्रदेशसुद्धा आहे. म्हणजे सीडस्नाइप भारतात असता तर त्याचे सगळे राज्य पडीक ठरले असते. आणि त्याचे इथले नातलग, कमळपक्ष्यापासून धाविकापर्यंत, या ना त्या रकान्यात पडीक जमिनीवरच राहतात. या नकाशासंग्रहाचा हेतू वाईट नाही, शेती आणि वनीकरणासाठी जमीन शोधणे हा आहे. पण ‘पडीक’ हा शिक्का बसलेल्या जमिनीवर सौरप्रकल्प, वसाहत किंवा झाडांची रोपे काहीही आले तरी ते सुधारणाच ठरते. माळावर झाडे लावून आपण हिरवळ वाढवल्याचे समाधान मानतो, आणि धाविकाला पळायला जमीन उरत नाही. वृक्षारोपणाला विरोध करणारे संपादकीय लिहिणे कोणालाच आवडत नाही. माळाच्या बाबतीत मात्र ते लिहायलाच हवे.

नजफगढची गुंतागुंत आणखी वेगळी. साहिबी नदीचे पाणी एकेकाळी इथल्या विस्तीर्ण खोलगट भागात पसरत असे. 1960 आणि 70 च्या दशकांतल्या पुरांनंतर नजफगढचा नाला रुंद करून ते पाणी यमुनेकडे वळवण्यात आले, झील आटत गेली आणि तिच्या तळावर शेती आली. बरीच जमीन खासगी मालकीची आहे. पावसाळ्यात पाणी, हिवाळ्यात गहू असा क्रम चालतो. आता वर्षभर जे पाणी टिकते त्यात गुरुग्रामच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, आणि रोहितांसह हजारो पक्षी त्यावर येतात, ही या जागेची अवघड बाजू. इंटॅक संस्थेने 2014 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, लवादाने दिल्ली आणि हरियाणाकडून पर्यावरण व्यवस्थापनाचे आराखडे मागितले. खरा प्रश्न सीमा कुठे आखायची हाच राहिला. 2017 च्या पाणथळ नियमांतून भातशेती, नदीचे पात्र, सिंचनासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत. वर्षातले काही महिने शेत आणि काही महिने पाणी असणारी जमीन या चौकटीत सहज बसत नाही, आणि कमळपक्षी व पाणलावा घरटी करतात ते नेमके पाण्याच्या महिन्यांत.

द्वारकेपुरते बोलायचे तर इथले रहिवासी या प्रश्नाला नवखे नाहीत. पप्पनकलां या नावाने आखणी झाली तेव्हा इथे गावे, शेते आणि जोहड, म्हणजे गावतळी, होती. त्यांतले काही जोहड लोकांच्या पाठपुराव्याने पुन्हा भरले. तलावासाठी माणसे एकत्र येतात, कारण तलाव दिसतो. शेजारच्या सेक्टरातला गवत वाढलेला रिकामा प्लॉट मात्र कचऱ्याची किंवा सापाची जागा म्हणून साफ केला जातो, तोही बहुधा उन्हाळ्यात, टिटवीची 4 ठिपकेदार अंडी उघड्या जमिनीवर असतात तेव्हा. दिल्ली विकास प्राधिकरण आपल्या ताब्यातल्या प्लॉटांची सफाई मार्चआधी किंवा ऑगस्टनंतर करू शकते. त्याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

नजफगढला परिपत्रक पुरणार नाही. तिथे पाण्याची सीमा फक्त उन्हाळ्यातल्या पाण्यावरून आखली तर सांडपाण्याचे डबके तेवढे वाचेल. पावसाळ्यात भरणारी शेते आत घ्यायची असतील तर शेतकऱ्याची मालकी तशीच ठेवून, पाणी उभे असलेल्या महिन्यांचा मोबदला त्याला द्यावा लागेल. तो किती, कोणत्या महिन्यांचा आणि कोणाच्या तिजोरीतून, हे दोन्ही राज्यांनी शेतकऱ्यांबरोबर बसून ठरवावे, आणि ती बैठक नकाशावर रेघ ओढण्याआधी व्हावी.