पोलीस तक्रार प्राधिकरणाला कायद्याचे बळ हवे

पोलीस ठाण्यात मारहाण झालेल्या नागरिकाने दाद मागायची कोठे? त्याच ठाण्यात, हे उत्तर न्यायाला धरून नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्याच्या निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करण्याचा निर्देश राज्यांना दिला. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत आणि बलात्कार ही प्रकरणे त्याच्या कक्षेत आली.

गोव्यात असे प्राधिकरण २००७ मध्येच स्थापन झाले, ही जमेची बाजू. परंतु ते शासकीय आदेशातून जन्मले. विधानसभेच्या कायद्यातून नव्हे. कारवाईसंबंधीच्या त्याच्या शिफारशी बंधनकारक असतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले होते. तरीही शिफारशीनंतर किती दिवसांत कारवाई व्हावी आणि ती टाळणाऱ्याला जाब कोणी विचारावा, हे कायद्यानेच ठरवायला हवे.

विलंबाचा फटका पुराव्यालाही बसतो. डिसेंबर २०२० च्या निकालानुसार ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जतन करणे आवश्यक आहे. तक्रार त्याहून अधिक काळ रेंगाळली आणि चित्रण वेळीच ताब्यात घेतले नाही, तर तक्रारदाराच्या हाती केवळ त्याचा शब्द उरतो.

चित्रण तातडीने ताब्यात घेण्याचा अधिकार, कारवाईची निश्चित मुदत आणि वार्षिक अहवालावर विधानसभेत चर्चा या तीन तरतुदींचा कायदा झाला, तर प्रामाणिक पोलिसांनाही खोट्या आरोपांपासून संरक्षण मिळेल.